फाटकाला काटे

मंजुळाबाईनं बाभळीची फांदी फाटकात आडवी ओढली आणि पायानं दाबून धरली. तळहातात काटा मोडला. तो तसाच राहू देऊन तिनं दुसरी फांदी उचलली.

चाकणच्या माळावरचं हे फाटक आजवर कधी लागलंच नव्हतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, चिमाजीनं, दोन गाईंवर सुरुवात करून गोठा वाढवला होता, पण तो नावालाच त्यांचा. तळेगावच्या वाटेनं येणारा-जाणारा इथं ताक पिऊनच पुढं जायचा. गावात कुणी बाळंत झाली की न मागता दुधाचा तांब्या पोचायचा. उन्हाळ्यात ओढा आटला की सगळ्या गावची गुरं त्यांच्याच हौदावर यायची.

आता गोठ्यात बुळकांडीचा रोग शिरला होता. दोन गाई गेल्या होत्या, तिसरी डोळे गाळत उभी होती. खेडहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, "गावासाठी लस यायला आठवडा लागेल. तोवर बाहेरचं जनावर आत नको. आणि आतलं भांडंसुद्धा बाहेर जाता कामा नये."

चिमाजीनं मान हलवली होती. पण काटे लावायला तो आला नाही.

"लोकांस्नी तोंड कसं दावायचं?" एवढंच म्हणाला.

उन्हं चढल्यावर गावातली तानाआत्या गाय पाण्याला घेऊन आली. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहत होती आणि त्या एका गाईवर जगत होती.

"आत्या, आत नगा येऊ. रोग हाय हितं."

"मग भाईर आनून दे बादलीभर."

"भांडंबी भाईर काढायचं न्हाई. नदीवर न्या तिला."

"गाभन हाय. नदीपत्तुर चालंल व्हय ती? अन् गावच्या हिरीत मानसांपुरतंच पानी उरलंय."

मंजुळाबाईनं सरकलेली फांदी पुन्हा आडवी लावली.

"आजवर तू कुनाला न्हाई म्हनली न्हाईस, मंजुळे."

तानाआत्यानं दावं ओढलं. गाय दोनदा थांबली आणि हौदाकडं मान वळवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर बायका मंजुळाबाईला बघून गप्प व्हायच्या. तिच्या गोठ्यातलं एकेक जनावर माळाच्या टोकाला पुरलं जात होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

लस आली, गावची गुरं टोचून झाली. डॉक्टरांनी फाटक उघडायला सांगितलं तेव्हा गोठ्यात चार जनावरं उरली होती. मंजुळाबाई काटे काढत होती. पलीकडं चिमाजी हौदाला चुना घासत होता. तेवढ्यात तानाआत्या आली आणि फाटकाशीच मटकन बसली.

"गेली माझी गाय. पोटातल्या वासरासकट गेली."

मंजुळाबाईचा हात थांबला. गावातलं दुसरं एकही जनावर दगावलं नव्हतं.

"कशानं, आत्या?"

"तुझ्या दारातनं तहानेली गेली, तिथंच खंगली ती. तुझ्या काळजाचा धोंडा झाला. पर चिमा देवमानूस. तू दुपारची आडवी झालीस, की मागच्या कुंपनावरनं रोज पान्याची बादली द्यायचा. म्हनून तेवढी तरी तगली."

हौदावरचा आवाज बंद पडला. मंजुळाबाईनं तिकडं पाहिलं. चिमाजी चुन्याचा हात तसाच धरून उभा होता. तानाआत्या त्याच्याकडं बघून पदरानं डोळे पुसत होती.

"व्हय, आत्या," मंजुळाबाई म्हणाली. "मीच न्हाई म्हनले. माझ्यामुळंच गेली ती."

"आता म्हनून काय उपेग?"

मंजुळाबाई आत गेली आणि ताकाचा तांब्या घेऊन आली. तानाआत्यानं त्याला हात लावला नाही. गुडघ्यावर रेटा देऊन ती उठली आणि गावाकडं चालू लागली.

चिमाजी हौदाच्या काठावर बसला होता, मान खाली घालून. मंजुळाबाईनं त्याच्या हातातला काथ्या काढून घेतला आणि राहिलेली बाजू घासायला लागली.