कारणाच्या रकान्यातला शब्द

दवाखान्याची जुनी इमारत रिकामी करायची ठरली, तेव्हा रेकॉर्ड रूमच्या बाईंवर एक वेगळंच काम येऊन पडलं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची होती, आणि मृत्यूचं कारण म्हणून त्यांत जे इंग्रजी लिहिलं होतं ते आताच्या तरुण डॉक्टरांनाही कळत नव्हतं. बाईंनी एक दोनशे पानी वही घातली. ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी होणं. कन्झम्प्शन म्हणजे क्षय. लॉकजॉ म्हणजे धनुर्वात. एग्यू म्हणजे थंडीताप. आठ महिन्यांत वही अर्धी भरली. टेबलाजवळ कुणी शिंकलं की शिपाई विचारायचा, "बाई, हे कुठल्या पानावरचं?"

घरच्या कुणाची नोंद बघायची असेल तर महिनाअखेरीपर्यंत यावं, अशी सूचना दारावर लावली होती. ती वाचून एका सकाळी दोघं भाऊबहीण आले. भाऊ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, कानाने अधू. बहीण एकाहत्तरची, शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेली. आवाज अजून मैदानावरचाच.

"आमच्या आईची नोंद बघायचीय," भाऊ म्हणाले.

"यांना बघायचीय," बहीण म्हणाली. "मी नुसती सोबत आलेय. जिन्यात पडले तर वहिनी मला बोलेल."

भावाने साल सांगितलं, महिना सांगितला. मग जरा थांबून म्हणाले, "हिच्या जन्मानंतर एकोणीस दिवसांनी."

बहीण खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यांच्या घरात सगळे धरूनच चालले होते की आई बाळंतपणात गेली. मावशीने दोघांना वाढवलं, पोटच्या पोरांसारखं वाढवलं, पण रागाच्या भरात तिच्या तोंडून निघायचंच, "आईच्या मुळावर आलीस ती!" ऐकून ऐकून भावानेही एकदा भांडणात तेच म्हटलं होतं. तेव्हा तो बारा वर्षांचा, ती पाच. त्यानंतर त्याने ते कधी तोंडातून काढलं नाही. पण बहिणीसमोर आईचा विषयही कधी काढला नाही.

बाईंनी रजिस्टर शोधून आणलं, पान उघडलं. नाव, वय अठ्ठावीस, वॉर्ड, तारीख. कारणाच्या रकान्यात एकच वळणदार शब्द. बाईंनी चष्मा वरखाली करून पाहिला. "पहिलं अक्षर दोनच्या आकड्यासारखं दिसतंय. लागत नाहीये मला."

भावाने खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पानावर वाकले. "दोन नाही, क्यू आहे. जुन्या डायलवर कंपनीची नावं असायची ना, त्यांत असाच क्यू काढायचे." मग एकेक अक्षर सांगत गेले. शब्द निघाला क्विन्सी.

तो बाईंच्या वहीत नव्हता. त्यांनी कपाटावरची जाडजूड डिक्शनरी उतरवली, धूळ झटकली आणि बोट फिरवत म्हणाल्या, "क्विन्स... एक आंबट फळ."

"फळ?" बहीण ताडकन म्हणाली. "फळ खाऊन मेली आमची आई?"

"थांबा हो, तो वरचा शब्द झाला." बाईंनी खालचा शब्द मनात वाचला, पुन्हा वाचला. "घशात टॉन्सिलच्या मागे पू धरतो. सूज इतकी वाढते की गिळता येत नाही, मग श्वासही कोंडतो. आता औषधाने बरं होतं. तेव्हा अवघड होतं."

"आणि बाळंतपणाचं?" बहिणीने विचारलं. आता तो आवाज मैदानावरचा नव्हता.

"त्याचं इथे काही नाही. बाळंतपणातल्या तापाला वेगळा शब्द लिहायचे, तो माझ्या वहीत आहे. हा निव्वळ घशाचा आजार."

"काय म्हणाल्या?" भावाने कानामागे हात धरला.

बहीण त्यांच्या कानाशी वाकली. "घसा, दादा! आई घशाने गेली!"

सगळ्या खोलीने ऐकलं. भाऊ हळूच स्टुलावर बसले.

"गळ्याला गरम फडकं बांधून बसायची," ते म्हणाले. "मी पाणी नेऊन दिलं, तर ते नाकातून परत आलं. मला हसू फुटलं. मग तीही हसली." त्यांनी भिंग मुठीत घट्ट धरलं. "म्हणजे मी बघितलं होतं गं. मला ठाऊक होतं. पण सात वर्षांच्या पोराला कोण विचारतंय? मोठे म्हणाले तेच मी धरून बसलो. आणि वर तुला..."

"काय म्हणाला होतास ते आहे लक्षात. पेन्सिलीवरून भांडलो होतो."

"चुकलो."

"चुकलासच," बहीण म्हणाली. पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं. "पण ते राहू दे. एवढ्या वर्षांत तू आईबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटायचं, तुझा राग अजून गेला नाही."

"राग?" भाऊ चकित झाले. "अगं, मला वाटायचं आईचं नाव काढलं की तुला लागेल."

बाईंनी उगाचच रजिस्टराचे कोपरे सरळ केले. मग नोंदीची नक्कल काढून शिक्का मारला, आणि बहिणीने मागितलं म्हणून शब्दाचा अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहून दिला. बहिणीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

दुपारी डबा खाऊन बाई बाहेर आल्या, तर दोघं अजून व्हरांड्यातल्या बाकावर.

"पत्त्यांत लबाडी करायची," भाऊ सांगत होते.

"कोण, आई?"

"सर्रास! एक्का मांडीखाली दडवायची आणि पकडलं की मलाच ओरडायची."

बहीण इतक्या मोठ्याने हसली की समोरच्या ओपीडीतल्या नर्सने दाराबाहेर डोकावून पाहिलं. हसू ओसरल्यावर ती दादाच्या बऱ्या कानाच्या बाजूला सरकून बसली.

"हं, आणखी सांग," ती म्हणाली. "घाई नाही मला."