एका पापुद्र्याची कैफियत

मी पापुद्रा बोलतोय. आवाज बारीक येईल. मी कागदाहून पातळ, त्यात चहूबाजूंनी प्लास्टिक. ते माझ्याभोवती कसं आलं, तेवढंच सांगायचं आहे.

एका प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत माझा जन्म झाला. बटाट्याचं सत्त्व, थोडं ग्लिसरीन आणि डाळिंबाच्या सालींचा अर्क शिजवून तिथल्या संशोधक बाईंनी मला ओतलं, वाळवलं आणि श्वास रोखून सोलून काढलं. डाळिंबामुळे माझ्यात अँटिऑक्सिडंट गुण आला. माझ्यात गुंडाळलेलं चिरलेलं फळ हवेने लवकर काळं पडत नाही. मला फळासकट खाता येतं, आणि फेकलं तर मी मातीत विरून जातो. एवढे गुण अंगी असले की काळजी मिटली, असं मलाही वाटे.

बाईंचं काम तपासायला समिती संध्याकाळी येणार होती. बाईंनी माझे दोन तुकडे केले. माझा भाऊ सफरचंदाच्या फोडीला गुंडाळला, मी ताटलीत राखीव. शेजारी दुसरी फोड तुलनेसाठी उघडी ठेवली. गुंडाळलेली संध्याकाळपर्यंत पांढरी राहिली तर काम चालू, नाहीतर खोलीला कुलूप.

समितीचे मोठे साहेब दुपारीच आले.

"हे वरचं खाता येतं म्हणता?"

"हो सर, पण..."

पण ऐकायची सवय साहेबांना नव्हती. भाऊ फोडीसकट तोंडात गेला.

"चव काही लागत नाही हो."

"सर, ती संध्याकाळी दाखवायची होती."

"मग आधी सांगायचं ना."

शिपाईमामा भिंतीकडे बघत पुटपुटले, "पुरावा पचला, बाई."

संध्याकाळी समितीपुढे उरलेली फोड आली. तपकिरी, सुरकुतलेली.

"ही तर काळी पडली."

"ही उघडी ठेवलेली आहे. गुंडाळलेली साहेबांनी खाल्ली."

सगळे हसले. साहेब सर्वांत जास्त.

"मी आत्ता दुसरी गुंडाळून दाखवते," बाई माझ्याकडे हात करत म्हणाल्या.

"आत्ता कापलेली पांढरीच दिसणार हो."

अहवालात आलं: पाहिलेली फोड काळी पडली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून बाईंना भांडताही येईना.

जाताना त्यांनी मला ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, नीट दाबून बंद केलं, आणि बाहेरून कुलूप लागलं. त्यांची माया मला कळते. पण ही पिशवी माझ्या नातवंडांनाही पुरेल, आणि मी आतल्या आत नुसता कोरडा पडलोय. कुणी कुलूप उघडलंच, तर मला एखाद्या फोडीभोवती गुंडाळा. ते जमत नसेल तर ओल्या मातीत टाका. इथे मला नासताही येत नाही.