हजेरीतला आदिनाथ

विशाखा रोज सकाळी दहाला साठ नावं पुकारायची आणि समोर बसलेली असायची सात पोरं. नांदेडच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या त्या मॅनेजमेंट कॉलेजचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, फाटकावरची कमान त्याहून मोठी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हजेरीचं चित्रीकरण व्हायचं, कॅमेरा फक्त तिच्यावर, म्हणून प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबायचं आणि त्या सातांपैकी कुणीतरी पाळीपाळीनं "येस मॅडम" म्हणायचं, असा संचालक माधवराव सरांचा हुकूम होता.

माधवराव काही राक्षस नव्हते. बुडत्या माणसासारखे हातपाय मारत होते, इतकंच. "मॅडम, परदेशी विद्यापीठं मुंबईत येऊन बसून राहिली," ते म्हणायचे. "पोरं घरबसल्या मोबाईलवर डिग्री घेऊन राहिली. तिकडं विलायतेतबी वर्ग ओस पडलेत. ते आपल्या देशात पोरं हुडकून राहिले, अन् आपण मुखेडच्या खेड्यांत." त्यात खोटं काहीच नव्हतं. एका विलायती विद्यापीठाशी करार झाला तर कॉलेज तगणार होतं आणि करारासाठी पट साठचा हवा होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग पोहरा भरलेला दाखवायचा, असं ठरलं.

उन्हाळ्यात प्रत्येक शिक्षकाला पाच-पाच नावं आणायला सांगितली होती. विशाखा शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आपल्या माहेरगावी गेली आणि शेजारच्या केवळाकाकूंच्या आदिनाथला गाठलं. "वर्गात यायचं नाही, नुसतं परीक्षेला ये. तुझे मूळ कागद तेवढे जमा कर," ती म्हणाली. पोरानं विश्वासानं टीसी, गुणपत्रिका, सगळं दिलं. बाकीच्या शिक्षकांनी अशा कागदी पोरांच्या अर्जांत पालकाचा म्हणून शेषेराव क्लार्कचाच मोबाईल नंबर टाकला. विशाखानं आदिनाथच्या अर्जात मात्र केवळाकाकूंचा खरा नंबर लिहिला. या सगळ्या व्यवहारात तेवढी एकच गोष्ट तिनं इमानानं केली, आणि नेमकी तीच नडली.

जानेवारीत आदिनाथची एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून निवड झाली आणि त्यानं विशाखाला फोन करून मूळ कागद मागितले. कागद तपासणीला चार दिवस होते. विशाखा सरांकडे गेली. "करार होईपर्यंत एकबी कागद बाहेर जाणार न्हाई," सर म्हणाले. तिनं ते आदिनाथला कळवलंच नाही. मग तो स्वतःच आला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला तो फाटकाशी उभा दिसला. अकरा वाजता होता, एक वाजता होता, तीनलाही होता. त्यानं अकरा वेळा फोन केला. तिनं फोन टेबलावर पालथा घातला आणि पेपर तपासत बसली. चारला तिनं डोकावलं, तेव्हा फाटक मोकळं होतं आणि तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना 'आदिनाथ' म्हटलं आणि ती अडकली. मागच्या पोरीनं "येस मॅडम" म्हटलेलं तिला ऐकूच आलं नाही. तिसऱ्या बाकाच्या कडेला कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटलं. पुढे रोज तेच होऊ लागलं. इतर नावं सरसर जायची, त्याच्या नावाशी जीभ जड व्हायची. एकदा तर तिनं त्या बाकावर हात ठेवून पाहिला. बाक ऊन होता. खिडकीतून ऊन येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि त्या दिवसापासून ती त्या बाकाकडे पाहीनाशी झाली.

फेब्रुवारीत विलायती मंडळी पडद्यावरून वर्ग पाहणार होती. सरांनी शेजारच्या ज्युनिअर कॉलेजातली पोरं आणून बाक भरले आणि प्रत्येकाला एकेक नाव वाटून दिलं. पडद्यावर तीन गोरी माणसं हसून बघत होती. विशाखानं पुकारलं, "आदिनाथ!"

तिसऱ्या बाकावरून एक गुबगुबीत पोरगा उठला. "येस मॅडम!"

"ह्यो माझा आदिनाथ न्हाई."

दारात केवळाकाकू उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कुणी हाका मारल्या, कुणी दटावलं, पण त्या आत आल्या आणि एकेक तोंड बघत बाकांमधून फिरल्या. पोरं खाली माना घालून बसली. पडद्यावरची माणसं अजून हसतच होती.

"कुठं हाय त्यो? जेवायला गेला का?" त्यांनी विचारलं.

विशाखा त्यांना घेऊन बाहेर आली. "काकू, तो घरी नाही का?"

"घरी कसा आसंल? कागद घिऊन येतो म्हणून हिकडंच आला की. फोन लागंना, म्हून लई घाबरले. पोलिसात जाणार व्हते. तर तिसऱ्या दिशी तुमच्या कालेजातून मेसेज आला. शेजारची अंजू वाचून दाखवती ना रोज. आदिनाथ आज हजर. म्हणलं, रुसला आसंल, पर शिकून राहिला. मग म्या गप बसले. आज राहवंना, म्हून भेटाया आले."

विलायती मंडळींना दाखवायला पालकांना रोज हजेरीचे मेसेज सुरू केले होते, ते त्याच आठवड्यात. बाकीच्या कागदी पोरांचे शेषेरावच्या मोबाईलवर जाऊन पडत होते. एक तेवढा खऱ्या आईकडे जात होता. सव्वा महिना. रोज सकाळी आपल्याच तोंडानं आपण एका आईला पोराच्या शोधापासून अडवत होतो, हे विशाखाला लख्ख कळलं.

"मॅडम, आत या आधी!" दारातून माधवराव दबक्या आवाजात ओरडले. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आपली वीस घरं चालतात यावर!"

ती थांबली. त्या विसांत तिचंही घर होतं. मग तिनं काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना उतरली.

पोलीस ठाण्यात हवालदारानं मोबाईलवरचे मेसेज पाहिले. "मावशी, ह्यो तर कालपर्यंत हजर दिसतोय. बेपत्ता कसा लिहू?"

"ती हजेरी खोटी आहे. मीच लावली. तसं लिहून देते," विशाखा म्हणाली. तिनं लिहून सही केली. केवळाकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, गावची लेक आपल्या बाजूनं उभी राहिली.

"घरून निघाला तेव्हा अंगावर काय होतं?" हवालदारानं विचारलं.

"म्या रानात व्हते, साहेब. न्हाई बघितलं."

"मग कसा शोधायचा? कुणीतरी पाहिलं असेल की."

विशाखा गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पाठीवर तो हात अजून होता.

"निळा चौकड्यांचा शर्ट," ती म्हणाली. "काळी पँट. खांद्याला शबनम. पायात चप्पल, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. तो पाय ओढत होता."

हवालदारानं लिहिणं थांबवलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"अकरापासून चारपर्यंत आमच्या फाटकाशी उभा होता. मी वरून बघत होते. मी खाली गेले नाही."

पाठीवरचा हात निघाला. केवळाकाकूंनी शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर विशाखाला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि शेजारीण शेजारणीला विचारते तशा साध्या आवाजात विचारलं, "चार वाजंस्तोर उन्हात उभा व्हता. पाणी तरी दिलं का गं कुणी त्याला?"