तात्पुरती दुरुस्ती

स्वप्नाने तिसऱ्यांदा एंटरची कळ दाबली. पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: कमांड सापडली नाही.

"मोडलंस ना?" मागे उभे असलेले सुदर्शन सर म्हणाले.

कळंबच्या त्या कॉलेजात ते संगणक विभागाचे प्रमुख, ती लॅब सहायक. हॉल तिकिटं छापणारी स्क्रिप्ट तिने लिहिलेली. छापायची परवानगी मात्र सरांच्याच लॉगिनला, म्हणून ती त्यातूनच चालवत होती. बाहेर व्हरांड्यात पोरं सकाळपासून ताटकळली होती. डिंभ्याची एसटी तीनला गेली की दुसरीचा भरवसा नव्हता. शिपाई गेणभाऊ डोकावून, पोरं लई कावलीत, असं सांगून गेला होता. राखीव जागेवर आलेल्या बाईंनी मशीन बिघडवलं, असं सरांनी प्राचार्यांना फोनवर कळवलं होतं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

स्वप्नाने मान वर केली नाही. तीच स्क्रिप्ट तिच्या लॉगिनमध्ये चालत होती, फक्त परवानगीअभावी छपाईपाशी थांबत होती. कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या, याची यादी मशीन ज्याच्या त्याच्या सेटिंगमधून घेतं. तिने सरांची सेटिंगची फाईल उघडली. एका नव्या प्रोग्रॅमसाठी तिथे एक ओळ घातलेली होती, आणि त्या ओळीने जुनी यादी पुसली होती. तारीख कालची, वेळ दुपारची. काल ती रजेवर होती.

तिने तारखेवर बोट ठेवलं. सर खिडकीकडे बघू लागले.

फाईल तशीच ठेवून तिने जुनी यादी थेट पडद्यावर हाताने टाईप केली. प्रिंटर कुरकुरत सुरू झाला.

"सर, हे लॉगआउट करेपर्यंतच टिकेल. फाईलमधली ओळ बदलावी..."

"माझ्या फाईलला हात लावायचा नाही. तिकिटं निघतायत ना? मग गप बस."

अडीचला शेवटचं तिकीट व्हरांड्यात गेलं. प्राचार्य आले. बिघाड मीच काढला, असं सरांनी सांगितलं. प्राचार्य खूश झाले; उद्या तपासणी समितीसमोर सरांनी अशीच तिकिटं छापून दाखवावीत, म्हणाले. स्वप्नाला उद्यापासूनच ग्रंथालयात बसायला सांगितलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी तिला विचारलं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्राचार्यांच्या देखत, शिस्तीने, लॉगआउट केलं.

"काही नाही, सर," स्वप्ना म्हणाली, आणि लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.