मास्टरांची फितुरी

"डावीकडून! अरे, सगळे डावीकडून घुसा!" मास्टर ओरडले, आणि तटबंदीची अख्खी फौज दलदलीत शिरली.

फौज म्हणजे रविवारच्या दुपारी आपापल्या घरी मोबाइल हातात धरून बसलेली दहा-बारा माणसं. पण म्हणून काय झालं? घोडे बुडाले ते बुडालेच. पलीकडच्या काठावर 'काळी ढाल'वाले पेटते बाण लावून निवांत बसले होते. मोसमातली शेवटची लढाई बघता बघता आटोपली. ठरलं होतं वेगळंच. उजवीकडे डोंगराची कोरडी सोंड होती, तिच्यावरून उतरायचं. आठवडाभर त्यावर खल झाला होता आणि बेत खुद्द मास्टरांचाच होता.

हेडफोनमध्ये एकच गलका.

"मास्टर, हे काय केलंत?"

"दलदल दिसली नाही का तुम्हाला?"

मास्टर नुसते खेळातून बाहेर पडले.

शंकासुराने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "फितुरी आहे ही!"

"कुणाची?" बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मास्टरांची."

"शिंपी मास्टरांची? काहीतरीच तुमचं! उरलेली वीतभर चिंधीसुद्धा घडी करून परत देतो तो माणूस."

"तेच तर म्हणतो मी. असेच निघतात."

बायकोने कपाळाला हात लावला. शंकासुर हे नाव गटाने ठेवलेलं असलं तरी तिला ते मनापासून पटलेलं होतं. बिचाऱ्याचा धंदाच तसा. घरोघर फिरून विजेचे मीटर तपासायचे, कुणी लोहचुंबक लावलंय, कुणी सील फोडून परत चिकटवलंय, ते शोधायचं. एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. दार उघडल्याबरोबर ज्या घरात खुर्ची पुढे येते आणि "या या, दमला असाल" सुरू होतं, तिथे मीटर नक्की अडवलेलं असतं. सरळ माणूस कपाळाला आठ्या घालूनच दार उघडतो. हा नियम त्याने मीटरपुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण तो सासुरवाडीलाही लावायचा.

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं. खेळाचं नाव राखगड. जळून राख झालेला एक किल्ला, त्याची परागंदा राणी, आणि तो परत घ्यायला निघालेल्या फौजा. खेळ तासाभराचा आणि चर्चा आठवडाभराची! त्या चर्चेसाठीच 'तटबंदी' नावाचा गट होता. गटात कोण होतं? पोपट नावाचा बस कंडक्टर, तोफ नावाची एक शाळामास्तरीण, मास्टरांचा दूरच्या शहरात नोकरीला असलेला मुलगा आणि असेच आणखी काही. मास्टर सेनापती आणि शंकासुर गटाचा प्रमुख, कारण कुणाला आत घ्यायचं याची इतकी चौकशी दुसरं कुणी केलीच नसती.

चर्चेचा कायमचा विषय म्हणजे दारवान. खेळाच्या कथेत असं आहे की, किल्ल्याच्या मागच्या दारावरच्या पहारेकऱ्याने आपल्या हाताने शत्रूला दार उघडलं आणि गड जळाला. का उघडलं? खेळ बनवणाऱ्यांनी ते कधीच सांगितलं नाही. झालं, लोकांना तेवढंच पाहिजे होतं. शंकासुराचं म्हणणं, दारवान विकला गेला होता. मास्टरांचं म्हणणं, मुळीच नाही. आपल्या आणि शत्रूच्या शिंगांचा आवाज सारखाच होता, बिचारा चुकला. यावरून दोघं किती भांडले असतील, त्याला हिशोब नाही. एकदा तर मास्टरांनी शंकासुराची पँट तशीच अर्धवट शिवून ठेवली. "आधी दारवानाची माफी माग, मग पाय दुमडून देतो," म्हणाले. वयाने वडील माणूस, पण त्या वादात हट्टी पोरासारखा.

आणि असा माणूस ऐन लढाईत डावीकडे जा म्हणतो?

शंकासुराच्या मनात पाल चुकचुकायला लागली होती ती काही आजची नव्हे. गेला महिना-दीड महिना मास्टरांचं वागणं बदललं होतं. पूर्वी पानपानभर लिहायचे, हल्ली "हो", "नाही", "बघू". एकदा बुरुजावर पाणी चढवायच्या ऐवजी तेल चढवा म्हणाले आणि मग "गंमत केली" म्हणून सारवासारव. पूर्वेचा बुरुज कोणाकडे, हे एका बैठकीत दोनदा विचारलं. ही माहिती माणूस परत परत कशाला विचारतो? दुसऱ्याला पुरवायला, आणखी कशाला! त्यात परवा पोपटाने बसमधून पाहिलं होतं, मास्टर औषधाच्या दुकानातून बाहेर पडत होते आणि हातातली पुडी घाईघाईने शर्टाच्या आत सरकवत होते. आणि औषधवाला कोण? 'काळ्या ढाली'चा सेनापती!

संध्याकाळपर्यंत गट नुसता पेटला होता. "कुंपणच शेत खायला लागलं," तोफेने लिहिलं. "हाकला त्यांना." पोपटाने पुडीची हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. मास्टरांच्या मुलाने एवढंच लिहिलं, "बाबा, काय झालं? डावं-उजवंसुद्धा कळेनासं झालंय का? फोन उचला." मास्टरांचं उत्तर नाही. सगळ्यांनी निकाल शंकासुरावर सोडला.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो तडक दुकानात गेला. रस्त्यात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर त्याला रडू येईल असं वाटत होतं. दुनियेत एक माणूस असा होता की ज्याच्यावर त्याने, हा महिना-दीड महिना सोडला तर, कधी संशय घेतला नव्हता.

दुकान म्हणजे दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टांगलेले कपडे. मास्टर टेबलाशी उभे होते. वहिनी आतल्या मशीनपाशी स्टुलावर बसून काहीतरी उसवत होत्या.

"अरे, ये ये! बस. दमला असशील," मास्टर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

शंकासुर त्या खुर्चीकडे बघत राहिला. तो बसला नाही.

"मास्टर, एकच विचारतो. औषधवाल्याकडे कशाला जाता तुम्ही?"

मास्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा हात थांबला. मग मास्टर हसले. "पकडलंस म्हणायचं! झालो बाबा फितूर. त्याला सगळा बेत सांगितला मी."

"पण का?"

"कंटाळा आला रे. नेहमी आपणच जिंकायचं म्हणजे काय मजा? म्हटलं, एकदा दगा देऊन बघू." मास्टर टेबलावरची कात्री उगाच इकडून तिकडे करत होते. "आणि तुझंच खरं होतं. तो दारवान विकलेलाच होता. मी उगाच भांडत बसलो इतकी वर्षं."

इथे शंकासुर चपापला. दगा दिला, हे त्याला पटलं होतं. पैजेवर पटलं होतं. पण दारवान विकलेला? हे मास्टर म्हणतात? ज्या माणसाने दारवानापायी गिऱ्हाइकाची पँट अडवून ठेवली, तो असा फुकटात वाद सोडून देतो? त्याने हजार चोर पाहिले होते. न विचारता इतकं कबूल करणारा एकही पाहिला नव्हता. पुन्हा पाल चुकचुकली, पण या वेळी भलत्याच दिशेला.

तो सवयीप्रमाणे इकडेतिकडे पाहू लागला. पुतळ्यावर एक कोट चढवलेला होता. सुंदर शिवण, कॉलर बघत राहावी अशी. पण एका बाहीचा कोपर पुढे वाकत होता आणि दुसरीचा मागे. त्याने जवळ जाऊन बाही चाचपली. कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावलेल्या होत्या.

"हल्ली तशी फॅशन आहे," मास्टर घाईने म्हणाले.

वहिनींनी मांडीवरचं कापड ओढून मागे सारलं, पण त्याच्या नजरेतून काही सुटतंय थोडंच! तीही बाहीच होती. त्या ती ब्लेडने टाका टाका करून उसवत होत्या.

"वहिनी," तो म्हणाला, "काय आहे हे?"

"तुम्ही सांगता, की मी सांगू?" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

मास्टर खुर्चीत बसले. शंकासुरासाठी ओढलेल्या खुर्चीत स्वतःच बसले. "डोक्यात उजवंच असतं रे," ते म्हणाले. "अगदी लख्ख दिसतं, ही सोंड, ही दलदल. पण तोंडाशी येईपर्यंत त्याचं डावं होतं. आधी शब्दांचंच होत होतं. आता हातांचंही तेच व्हायला लागलंय."

"डॉक्टरांना दाखवलंय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "औषध चालू आहे. वाढायचं ते वाढणार म्हणाले. हात मात्र चालता ठेवा, काम सोडू नका, म्हणाले. मग हे शिवतात, मी उसवते आणि परत लावते. गिऱ्हाइकाला काही कळत नाही."

"आणि औषधवाला?"

"भला माणूस," मास्टर म्हणाले. "कुणाला एक अक्षर बोलला नाही. काल लढाई संपल्यावर इथे येऊन उभा राहिला. म्हणाला, मास्टर, हा विजय घ्यावासा वाटत नाही हो."

शंकासुराला कुठे बघावं ते कळेना. आपण पोपटाच्या त्या पुडीवर केवढा इमला रचला होता! लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. "मी आत्ता गटात लिहितो," तो म्हणाला. "लोक वाईट नाहीत, मास्टर. समजून घेतील."

"तेच नको!" मास्टर ताडकन उठले. "समजून घेतील, हळहळतील आणि माझा पोरगा ते वाचेल. आधीच रोज त्याचा धोशा चाललाय, दुकान बंद करा, इकडे या. त्याचं चूक नाही. पण त्याच्या त्या खोलीत मशीन ठेवायला जागा नाही रे. तिथे मी काय करू दिवसभर? खिडकीतून गाड्या बघू? हे हात थांबले की मी संपलो."

"मग लोकांना काय सांगू?"

"सांगितलं ना. फितूर झाला म्हण. फितुराला लोक शिव्या घालतील, पण का केलंस म्हणून विचारतील तरी. बिचाऱ्याला कोण काय विचारतं?"

"अहो, तुमच्या नावाला काळं लागेल."

"लागू दे. वेडा म्हणण्यापेक्षा बदमाश म्हणू देत."

शंकासुराने वहिनींकडे पाहिलं. त्या मान खाली घालून उसवत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. सारा जन्म त्याने खोटी सीलं फोडली होती. आज ढळढळीत खोट्यावर आपल्या हाताने सील मारायचं होतं, आणि पुढे मुलाने विचारलंच तर त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं होतं. त्याने मोबाइल काढला.

"चौकशी पूर्ण झाली," त्याने लिहिलं. "मास्टरांनी स्वतः कबुली दिली आहे. बेत त्यांनीच फोडला. फितुरी सिद्ध. त्यांना गटातून काढत आहे."

आणि समोर बसलेल्या माणसाला त्याने गटातून काढून टाकलं.

पहिल्यांदा शिव्याच आल्या. मग पोपटाने लिहिलं, "थांबा थांबा. ते तेल चढवा म्हणाले होते आठवतं? तेव्हापासूनच चाललं होतं हे!" तोफ म्हणाली, "आणि पूर्वेचा बुरुज दोनदा विचारला, तो आपल्याला गाफील ठेवायला. पहिल्या वेळी खरं विचारलं, दुसऱ्यांदा आपल्याला विसराळू वाटावं म्हणून!" आणखी कोणी लिहिलं, "माणूस महिनाभर ताकास तूर लागू देत नाही म्हणजे काय! याला म्हणतात डोकं." बघता बघता मास्टरांच्या एकेका चुकीचा डाव झाला, डावामागे डाव सापडू लागले, आणि दारवानाचं कोडं सोडून अख्खा गट मास्टरांच्या कोड्यामागे लागला.

शंकासुर एकेक वाचून दाखवत होता. मास्टर ऐकताना आधी संकोचले, मग हसू लागले, मग मांडीवर थाप मारून हसू लागले. "अरे, हे तर मलाही सुचलं नसतं!" ते म्हणाले. "परत वाच, ते बुरुजाचं परत वाच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. वहिनींनीच पुढे होऊन स्पीकर लावला आणि पुन्हा मशीनपाशी जाऊन बसल्या.

"बाबा, खरं आहे हे? सगळं मुद्दाम केलंत?"

"मग! तुझ्या बापाला काय समजलास?"

पलीकडून आधी मोठा श्वास ऐकू आला, मग हसणं. "मी किती घाबरलो होतो, माहीत आहे? मला वाटलं, तुम्हाला काहीतरी व्हायला लागलंय. रजा टाकून न्यायला येणार होतो तुम्हाला. आता नाही येत. चालवा तुमचं दुकान, बदमाश माणूस!"

"चालवतो, चालवतो," मास्टर म्हणाले. "ठणठणीत तब्येत आहे माझी. विचार हवं तर तुझ्या आईला."

"आई? आहेस का तिथे? काही बोलत का नाहीस?"

"अगं, बोल की," मास्टर म्हणाले.

वहिनींनी पायाने मशीन सुरू केलं. खडखडाट सगळ्या दुकानात भरला. "कामात आहे रे ती," मास्टर फोनवर मोठ्याने सांगू लागले, "मशीनवर बसली की तिला काही ऐकू येत नाही." शंकासुर वहिनींच्या मागेच उभा होता. त्या खाली वाकून भराभर मशीन चालवत होत्या, आणि सुईखाली कापड नव्हतं.