भोपळ्याच्या पोटातली करणी

मनुष्याच्या देहात बहात्तर हजार नाड्या आहेत आणि त्या साऱ्या बेंबीपाशी येऊन मिळतात, हे ज्ञान अतिप्राचीन आहे. उल्हासनगरच्या महिपती महाराजांना ते एका रिक्षाच्या मागच्या काचेवर वाचायला मिळालं.

त्यानंतर त्यांनी वेळ घालवला नाही. कॅम्प नंबर पाचात, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दरबार मांडला. २००९ साल होतं. मंदीमुळे खालच्या निम्म्या मशिनी बंद होत्या, वर मात्र जिन्यापर्यंत रांग. अंबरनाथहून, बदलापूरहून, पार वांगणीहून लोक पोट धरून यायचे. कोणाला गॅस, कोणाला मुरडा, कोणाला सकाळी चारदा धावायला लागायचं, कोणाला चार दिवस बसूनही काही व्हायचं नाही. महाराजांच्या मते या सगळ्यांचं कारण एकच: कोणीतरी खाऊ घातलेली करणी.

उपचार डोळ्यांदेखत व्हायचा. रोग्याला उताणं निजवायचं. बेंबीवर विड्याचं पान, पानावर कापूर, भोवती ओल्या कणकेचं कडं. पितळी लोटा आधी उलटा करून सगळ्यांना दाखवायचा, म्हणजे तो रिकामा आहे याची खात्री पटते. मग कापूर पेटवून त्यावर तो उपडा घालायचा. ज्योत विझायची आणि लोटा पोटाला असा चिकटायचा की कातडीसकट वर ओढला जायचा. महाराज मंत्र पुटपुटायचे, लोटा फट्‌दिशी सुटायचा आणि पानावर बोराएवढा काळा, केसाळ गोळा पडलेला असायचा. बायका हात जोडायच्या. पुरुष पाकीट काढायचे.

"सोनोग्राफीला करणी दिसत नाही," महाराज समजावून सांगायचे. "का? मशिनला लाइट लागते. लोडशेडिंग झालं की मशिन बंद. आपला लोटा बघ, चोवीस तास चालू. कनेक्शन डायरेक्ट वरून आहे बच्चा, मध्ये मीटर नाही."

जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती: 'रिपोर्ट नॉर्मल असतील तरच वर यावे.' ज्याच्या रिपोर्टात खडा, अल्सर, काहीही निघालं असेल त्याला महाराज हात लावत नसत. "ये डॉक्टर का माल है," म्हणत परत पाठवत. एवढा प्रामाणिकपणा पाहून लोकांची श्रद्धा आणखी वाढे.

आमच्या शेजारचा सुयोग तिथे गेला तो त्याच्या आईच्या हट्टाने. आम्ही बदलापूरजवळच्या खरवईला राहतो. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन मूळ त्यांचीच. बिल्डरने त्या बदल्यात दिलेल्या फ्लॅटमध्ये तिघं राहायची: सुयोग, त्याची आई विठाबाई आणि त्याची विधवा काकी कौसाबाई. कौसाबाईंना मूलबाळ नाही. सुयोगला त्यांनीच मोठं केलं, कारण विठाबाई तेव्हा शेतावर असायच्या. स्वयंपाकघर अजूनही कौसाबाईंचंच.

सुयोग अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाचे डबे बनवणाऱ्या कंपनीत कामाला. गेल्या दिवाळीपासून त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. सकाळी बूट घातले की पोटात कळ. बूट काढून संडासात. पुन्हा बूट, पुन्हा कळ. आमच्या नाक्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टर माधवी साळवे यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. काही नाही तुला."

विठाबाई जिन्यातच मला म्हणाल्या, "पाच हजार गेले आन रिपोर्टात कायच नाय. म्हंजे बाहेरचंच हाय."

"वहिनी, नॉर्मल आला ही चांगली गोष्ट आहे."

"दुखतं तर हाय ना? मंग रिपोर्टात का नाय? कोणतरी लपवलंय म्हणून नाय."

पुढच्याच आठवड्यात सुयोगच्या पोटातून गोळा निघाला. चार दिवस त्याला खरोखरच बरं वाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा बूट, पुन्हा कळ. महाराज म्हणाले, होणारच. ज्या हातांनी खाऊ घातलं ते हात घरातच आहेत. विधवा आहे, मूल नाही, चुलीशी तीच असते. ती घराबाहेर गेली पाहिजे. मी स्वतः शुक्रवारी येतो, तिच्या तोंडून कबूल करवतो आणि मंत्राने घर बांधून देतो.

त्या संध्याकाळी कौसाबाईंची पत्र्याची ट्रंक दाराबाहेर, चपलांच्या शेजारी आली. त्यांना मुरबाडला भाच्याकडे पाठवायचं ठरलं. भाच्याला अजून कोणी विचारलं नव्हतं.

मी त्यांना घेऊन डॉक्टर माधवींकडे गेलो. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काकी, तुम्ही कबूल करून टाका."

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिला पण झाली का काय करणी?"

डॉक्टरांनी त्यांना जवळ बसवून कानात काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते सोसायटीच्या सभ्य बायकांना शोभणारं नव्हतं. मला शुक्रवार सकाळसाठी एक काम देण्यात आलं. ते मी केलं.

आमच्याकडे एमआयडीसीतल्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे विठाबाईंच्या हॉलमध्ये निम्मी बिल्डिंग आणि उरलेलं गाव होतं. महाराज भाड्याच्या इंडिकातून आले. सोबत चिंतामणी नावाचा शिष्य आणि मखमलीत गुंडाळलेला लोटा. घरात शिरताच त्यांनी नाक वर करून वास घेतला. "निगेटिव्ह एनर्जी. किचनच्या साइडने येते."

किचनच्या साइडने फोडणीचा वास येत होता. कौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बाई," महाराजांनी आवाज खाली आणला, "खरं बोल. पोराला काय खाऊ घातलंस?"

"करणी घातली," कौसाबाई म्हणाल्या.

हॉल थिजला. महाराजही जरा थिजले. एवढ्या लवकर कबुली मिळायची त्यांना सवय नसावी.

"काकी, तू काय बोलतेस?" सुयोग उठून उभा राहिला.

"एक येळ घातली, ती म्हाराजांनी काढली. दुसरी अजून तुझ्या पोटात जायचीय. भोपल्यात भरून ठेवलीय. उद्या भाजी करनार होते." असं म्हणून त्यांनी आतून चांगला गरगरीत लाल भोपळा आणून महाराजांपुढे ठेवला. "काढता येते का बघा. नायतर राहू दे, मी भाजी टाकते."

महाराजांनी डोळे मिटले. भोपळ्यावर हात फिरवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. "पॉवरफुल आहे. स्मशानातली आहे. चिंतामणी, कापूर."

भोपळ्यावर पान आलं, कणकेचं कडं आलं. लोटा उलटा करून दाखवला गेला. ज्योत पेटली, विझली, लोटा चिकटला. महाराजांनी तो ओढला तेव्हा भोपळा खरंच थोडा वर उचलला गेला आणि मागून कोणीतरी "आई गं" म्हणालं. मंत्र झाला, लोटा सुटला, आणि पानावर काळा, केसाळ गोळा.

विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. "याच्यासाठी तुला भाकर घातली का गं आमी?"

तेवढ्यात डॉक्टर माधवी पुढे झाल्या आणि मला विचारलं, "भाऊ, हा भोपळा कुठला?"

"स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडचा," मी म्हणालो. "आज सकाळी घेतला. महाराजांची गाडी गेटमधून आत आली तेव्हा मागच्या दाराने काकींच्या हातात दिला."

सगळे भोपळ्याकडे बघू लागले. भोपळा शांत होता.

महाराज मात्र कसलेले. "मग भाजीवाल्यानेच केली असेल."

"कोणावर?"

"जो घेईल त्याच्यावर."

"आयला," दाराशी उभ्या असलेल्या गावातल्या सोमाने काळजीने विचारलं, "मंग मी पण त्याच्याकडनंच घेतो. माजी कुठं गेली?"

पहिलं हसू तिथे फुटलं. तोवर डॉक्टरांनी गोळा चिमट्याने उचलून एका ताटलीत उकलला होता. आत केस होते, काजळी होती, आणि मधोमध निळ्या सुताचा गुंता. त्यात जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर ठोकतात तसलं तांब्याचं बटण.

"काकी, तुमच्याकडे जीन्स आहे का?"

"नाय. घालून बघू का?"

लोट्याच्या तळाला आतून काजळी होती. डॉक्टरांनी नखाने खरवडली तर नखात मेण आलं. "हे बघा. गोळा मेणाने आत, तळाला चिकटवलेला असतो. वर काजळी, त्यामुळे काळ्यावर काळा दिसत नाही. लोटा उलटा केला तरी पडत नाही. खाली कापूर पेटला की मेण वितळतं आणि गोळा पानावर पडतो. लोटा चिकटतो त्यात तर काहीच नाही. आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझून उरलेली हवा थंड झाली की आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा लोट्याला दाबून धरते."

एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. कौसाबाईंच्या देवघरातला तांब्या घेऊन त्यांनी तोच प्रयोग त्याच भोपळ्यावर केला. पानावर कापसाचा बोळा पडला. "हा माझ्या दवाखान्यातला कापूस. सकाळीच येऊन मेणाने आत चिकटवून ठेवला होता. म्हणजे भोपळ्यावर एक करणी माझीपण होती."

महाराज चपला शोधत होते. चिंतामणी म्हणाला, "लोटा तेवढा द्या, पितळी आहे." दिला.

ते गेले, पण सुयोग भिंतीला टेकून तसाच उभा होता. "पण डॉक्टर, मला चार दिवस बरं वाटलं होतं. ते काय मी नाटक केलं?"

"नाही. बरं वाटलं ते खरं आणि दुखतं तेही खरं. पोटाला स्वतःच्या नसांचं मोठं जाळं असतं. ते मेंदूशी सतत बोलत असतं. मेंदू घाबरला की आतडं आवळतं, पळायला लागतं. गोळा बाहेर पडलेला बघून तुझी भीती गेली आणि आतडं शांत झालं. पण भीती काढून त्या जागी त्या माणसाने तुझी काकी ठेवली." मग त्या विठाबाईंकडे वळल्या. "चूक माझीही आहे. मी 'काही नाही' म्हणाले. म्हणायला हवं होतं, आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं वागणं बिघडलंय. याला इरिटेबल बाउल म्हणतात. तपासण्या नॉर्मल येतात. म्हणूनच ते महाराज नॉर्मल रिपोर्टवाल्यांनाच वर घेतात. खड्यावर मंत्र चालत नाही, घाबरलेल्या पोटावर चार दिवस चालतो."

"मंग आमच्या घरात घाबरायसारखं काय हाय?" विठाबाईंनी विचारलं.

"सुयोग, शुक्रवारी पोट बिघडतं का?"

त्याने बोटांवर वार मोजले. "नाय."

"शुक्रवारी कोणाच्या हातचं जेवतोस?"

"काकीच्या. तिन्ही टाइम."

"म्हणजे करणीला एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी आहे."

या वेळी कोणी हसलं नाही. सुयोगने खाली बघत सांगितलं. दिवाळीपासून कंपनी माणसं कमी करत होती. कोणाला कमी केलं ते आदल्या दिवशी सांगत नसत. सकाळी गेटवर वॉचमन नुसता हात आडवा करायचा. रोज कोणीतरी तिथूनच परत फिरायचं. "रोज वाटतं, आज माझा नंबर. आईला काय सांगू? फ्लॅटचा मेन्टेनन्स, लग्नाचं चाललंय..."

"मला तरी बोलायचंस," कौसाबाई म्हणाल्या.

"तू आईला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं," विठाबाई म्हणाल्या, आणि उठून दाराबाहेरची ट्रंक ओढत आत घेऊन आल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. ट्रंक जड होती, एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी चहा कमी करायला लावला, जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या, पोटाने सावकाश श्वास घ्यायला शिकवलं आणि आठवड्यातून एकदा नुसतं येऊन बोलायला सांगितलं. बरं वाटायला दोन-तीन महिने लागले. लोट्याला दोन मिनिटं लागतात, पण लोट्याला एक बाई लागते, जिला घराबाहेर काढता येईल. आपल्या पोटात दुखत असेल तर डॉक्टरकडे जावं, आणि तपासणीत काही निघालं नाही तर शेजारपाजारच्या बायकांकडे बघण्याआधी आपण कशाला घाबरतोय ते बघावं. यात चमत्कार नाही, हे मान्य आहे.

पुढच्या जूनमध्ये ती कंपनी बंद पडली. दिवाळीपर्यंत घर चाललं ते कौसाबाई नाक्यावरच्या खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायच्या त्यावर. त्या दिवसांत सुयोगचं पोट दोनदा बिघडलं. दोन्ही वेळा तो इंटरव्ह्यूला निघाला होता.