यंदा रंग कोणता

अकरा वर्षांत शिवहारला नऊ क्लबांनी घेतलं आणि नऊही क्लबांनी सोडलं. एकाही ठिकाणी त्याची दुसरी दिवाळी झाली नाही. फुटबॉलमध्ये पुढच्या फळीत खेळणारा गडी, बरा खेळायचा. बरा म्हणजे किती? सत्तराव्या मिनिटाला ज्याला 'चल, पळ' म्हणून मैदानात ढकलतात, तितपत बरा. गोवा झालं, कोलकाता झालं, शिलाँग, केरळ, पंजाब, सगळं झालं. डिसेंबरात नवव्या क्लबानं नारळ दिला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. बॅग उचलून तो सरळ पुसेगावला बापाकडे आला.

आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. सेनगावच्या एका शाळेनं एक तारखेपासून मुलांना खेळ शिकवायला ये म्हणून निरोप धाडला होता. आणि उत्तमसिंग, त्याचा एजंट, रोज फोन करून सांगत होता की ईशान्येकडे नवा क्लब निघालाय, चार महिन्यांचा करार आहे, फक्त एकतीस जानेवारीला पाचच्या आत होकार दे. मग नोंदणी बंद. शिवहार शाळेला 'बघतो' म्हणाला, एजंटाला 'कळवतो' म्हणाला. सकाळी त्याला वाटे जावं, जेवण झालं की वाटे राहावं. गोलासमोर पाव सेकंदात निर्णय घेणारा माणूस, पण इथं त्याची मती पार गुंग झाली होती.

असं करता करता एकतीस तारीख उजाडली.

त्या दिवशी दुपारी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपीपुढच्या मोकळ्या जागेत, वेगळंच रामायण सुरू झालं. त्याच्या बापाची, रामकिशनची मेंढरं आणि शेजारच्या बजरंगची मेंढरं पाण्यावर एकत्र झाली आणि तशीच मिसळून आखाड्यावर आली. एरवी यात काही बिघडत नाही. प्रत्येक मेंढपाळाचा आपला रंग ठरलेला असतो आणि लोकर कातरली की तो रंग मेंढरांना पुन्हा लावतात. पण दोघांची कातरणी नुकतीच झाली होती, आणि बजरंग गुलाबी रंगाचा डबा घेऊन निघालाच होता, तेवढ्यात हा घोळ झाला.

"रामकिशन, तू अजून रंग काहून लावला न्हाई?" बजरंग कडाडला. "चार दिस झाले कातरून. आता माझी कोणती अन् तुझी कोणती?"

रामकिशननं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो पोराकडे वळला. "शिवहार, यंदा रंग कोणता लावू?"

शिवहारला काही कळेना. "मला काय विचारता बाबा? आपला जो असंल तो लावा."

"आपला!" बजरंग हसला, पण रागानं. "आरं, तुझ्या बापाला आपला रंग उरलाय का? तू निळ्या जर्सीत खेळला त्या साली याची मेंढरं निळी. तू हिरव्यात गेला, मेंढरं हिरवी. तू गुलाबीत गेला तवा यानं माझाच गुलाबी उचलला. महिनाभर बोलत नव्हतो आमी."

शिवहार बापाकडे बघत राहिला. दरवर्षी तो दोन-चार दिवस येई आणि निघून जाई. मेंढरांवर कोणता रंग आहे हे त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. त्याला आधी हसू आलं आणि मग एकदम लाज वाटली.

तेवढ्यात रामकिशन आखाड्याच्या कडेला गेला आणि जीभ टाळूला लावून त्यानं एक लांब हाळी घातली. कळपात गडबड उडाली. निम्मी मेंढरं माना वर करून त्याच्याकडे निघाली, निम्मी बजरंगभोवती राहिली. चुकार अशी दोनच निघाली.

"मंग रंगाची जरूरच काय?" शिवहारनं विचारलं. "ती तर तुमच्या आवाजानं येतात."

"मेंढरासाठी थोडाच होता," रामकिशन म्हणाला. "मला त्या क्लबांची नावं ध्यानात राहत न्हाईत. फोन करावा तर कोणी तरी परका उचलतो, 'शिवहार प्रॅक्टिस में है, बाद में फोन करो' म्हणतो. मंग सकाळी कळप सोडला की मेंढरांकडं पाहायचो. म्हणायचो, हां, आपलं लेकरू यंदा हिरव्यात हाय."

शिवहार त्याच्याजवळ गेला. "पण आता तर मी इथंच हाय की."

"तेच तर विचारून राहिलो. हाईस का तू इथं?"

साडेचार होऊन गेले होते. शिवहारनं खाटेवरच्या फोनकडे पाहिलं. शेवटी त्यानं भलतंच विचारलं. "मी खेळाय जायच्या आधी आपला रंग कोणता होता?"

रामकिशननं डोकं खाजवलं. कपाळाला आठ्या पडल्या. "आठवून न्हाई राहिलं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पोरापेक्षाही जास्त भांबावला.

"गेरू," बजरंग म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "डाव्या पुठ्ठ्यावर. तुझ्या आज्यापासून."

ओट्याला लावायला आणलेला गेरू खोपीत होता. रामकिशननं तो घमेल्यात कालवला. शिवहारनं एक मेंढरू पायांत धरलं आणि भरल्या हातानं डाव्या पुठ्ठ्यावर रंग लावला. मग दुसरं धरलं, मग तिसरं. आपण काही ठरवलंय की नुसतं बापाला हातभार लावतोय, हे त्याचं त्यालाच समजत नव्हतं. मात्र हात थांबत नव्हते.

पाचला दहा मिनिटं असताना खाटेवर ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर उत्तमसिंगचं नाव होतं. शिवहार मेंढरू धरून तसाच उभा राहिला. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"उचल की," रामकिशन म्हणाला.

"हात भरलेत. तुमीच उचला."

"काय सांगू?"

शिवहारनं पुढचं मेंढरू ओढलं. "हाय ते सांगा."

रामकिशननं हात धोतराला पुसले, फोन कानाला लावला आणि ठणकावून सांगितलं, "शिवहार प्रॅक्टिस में है. बाद में फोन करो."